यष्ट्यांमागचा माणूस

 

मंडळाने आम्हांला खेळावर बोला म्हटलं, तेव्हा चंद्रकांत पंडितांचंच नाव पुढे आलं. जून २०२२ मध्ये त्यांनी आम्हा माळव्यातल्या मराठी घरांना चांगलंच पेचात टाकलं होतं. रणजीच्या अंतिम सामन्यात एकीकडे मुंबई, दुसरीकडे मध्य प्रदेश! नातीगोती तिकडची, जन्म, नोकरी, रेशनकार्ड इकडचं. टाळ्या कोणासाठी वाजवायच्या? आणि आपल्या संघाचा प्रशिक्षक मुंबईचा!

पंडित आचरेकर सरांच्या तालमीतले यष्टिरक्षक. हे काम कसलं? दिवसभर उठाबशा काढायच्या आणि झेल सुटला तरच लोकांच्या नजरेत यायचं. ५ कसोटी आणि ३६ एकदिवसीय सामने त्यांच्या वाट्याला आले. १९८७च्या विश्वचषकात वानखेडेवर उपांत्य सामना खेळले, तोही वेंगसरकरांच्या जागी.

पुढे ते मध्य प्रदेशकडून खेळू लागले. १९९८-९९ चा अंतिम सामना बंगळूरला, समोर कर्नाटक, कर्णधार पंडित. पहिल्या डावात आपली ७५ धावांची आघाडी. म्हणजे सामना अनिर्णित राहिला असता तरी करंडक आपलाच. शेवटच्या दिवशी डाव कोसळला आणि ९६ धावांनी हार झाली. जुनी मंडळी अजून त्याबद्दल हळहळतात.

प्रशिक्षक झाल्यावर त्यांनी मुंबईला करंडक मिळवून दिला. मग विदर्भ. ज्या संघाने रणजी कधीच जिंकली नव्हती, त्याने २०१७-१८ आणि २०१८-१९ अशी लागोपाठ दोनदा जिंकली. शिस्तीला माणूस फार कडक. आमच्या मते थोडा जास्तच, पण निकाल समोर आहेत.

२०२० मध्ये ते मध्य प्रदेशकडे परतले. दोन वर्षांनी पुन्हा बंगळूर, पुन्हा तेच चिन्नास्वामी मैदान. मुंबईच्या ३७४ला आपलं उत्तर ५३६. यश दुबे, शुभम शर्मा आणि आपल्या इंदूरचा रजत पाटीदार, तिघांची शतकं. सहा गडी राखून विजय! होळकर संघाने १९५२-५३ मध्ये रणजी जिंकली होती, त्यानंतर करंडक इकडे आला तो थेट आता. पोरांनी पंडितांना खांद्यावर घेतलं, आणि त्या कडक माणसाचे डोळे भरून आले.

उद्या सकाळी आपल्या मुलांची मॅच आहे. यष्ट्यांमागे कोण उभं राहणार, यावरून अजून भांडण चालू आहे.