जुन्या संगणकाची वीजपेटी

भोसरी-चाकणच्या लहान कारखान्यांत सीएनसी यंत्राला प्रोग्राम पुरविणारा जुना, आटोपशीर संगणक एकाएकी बंद पडला, की मालक तो भंगारात काढावयास निघतो. आमचे म्हणणे एवढेच, की आधी त्याची एसएमपीएस, म्हणजे आतली वीजपेटी, तपासून घ्यावी. 230 व्होल्टची वीज घेऊन ती संगणकास 12 आणि 5 व्होल्ट पुरविते. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने तिच्यातील कपॅसिटर सुकतात. संगणक पुष्कळदा शाबूत असतो.

पुण्याच्या तपकीर गल्लीत बदली पेटी शोधताना केवळ वॅट विचारू नयेत. व्होल्ट, अँपिअर, लांबीरुंदी आणि तारांचा क्रम जुळला पाहिजे. प्लग बसला म्हणजे क्रम जुळला असे नव्हे. तो चुकला तर मदरबोर्डच जळावयाचा! जुनी पेटी मात्र जाणकारानेच उघडावी. वीज तोडल्यावरही तीत सुमारे 325 व्होल्टचा साठा राहू शकतो. एवढी काळजी घेतली, तर यंत्र चालते आणि कामगाराची पाळी बुडत नाही.