विणकामांतील एक गांठ



छंदाविषयीं बोलावयास सांगितलें म्हणजे मनुष्य आपल्या यशाची यादी वाचूं लागतो. माझ्यापाशीं तशी यादी नाहीं. पंधरा वर्षें मी फावल्या वेळीं विणीत आहें. हातून जें बिघडलें त्यानेंच मला अधिक शिकविलें, आणि त्यांतील एक चूक अजून मनांतून जात नाहीं. ती सांगावी म्हणूनच आज आलें आहें.

आरंभ पिशवीनें झाला. मंडईंत न्यावयास सुती दोऱ्याची पिशवी मीं साध्या विणीनें विणली. दिसावयास ती सुबक होती. पहिल्याच दिवशीं तींत दोन किलो बटाटे घातले. मंडईच्या दारापाशीं पिशवीचा तळ माझ्या गुडघ्याशीं होता. लक्ष्मी रस्ता येईपर्यंत तो घोट्याशीं लोंबूं लागला! विणलेलें कापड म्हणजे फांसांची सांखळी. ओझें पडलें कीं प्रत्येक फांस लांबतो, हें मला बटाट्यांनीं शिकविलें. पुढें कुणीं सांगितलें कीं लोकरीची पिशवी विणून गरम पाण्यांत घुसळावी, म्हणजे ती आटून बुरणुसासारखी घट्ट होते. सल्ला खरा होता. पण मीं आणलेला धागा ॲक्रिलिकचा. तो कितीही घुसळला तरी आटत नाहीं. सुरकुतले ते माझे हात. तिसरी पिशवी मात्र बारीक सुयांवर, दुहेरी दोऱ्यानें विणून आंतून खादीचें अस्तर लावलें. ती अजून मंडईंत जाते.

त्यानंतर भाची दिल्लीस शिकावयास गेली, तिच्यासाठीं लेगवॉर्मर विणले. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत चढवावयाची ही केवळ एक नळी. दोन टाके सुलट, दोन उलट अशी वीण पायाला आपोआप धरून राहते; टाच नाहीं, चवडा नाहीं. नवशिक्यांनीं येथूनच आरंभ करावा, याहून अधिक सांगण्यासारखें त्यांत नाहीं.

मोज्याची गोष्ट निराळी. चार सुयांवर ६४ टाके वाटून पांचव्या सुईनें गोल विणीत जावयाचें. टाच आली कीं निम्म्या, म्हणजे ३२ टाक्यांवर, एक पट्टी विणावयाची. मग ओळ पुरी न करतांच मागें वळावयाचें, पुन्हां वळावयाचें, आणि दर वळणाशीं दोन टाके एकत्र करावयाचे. पाहतां पाहतां सपाट विणीची वाटी होते. पहिल्यांदा ती झाली तेव्हां मीं घरांतल्या सर्वांना हांक मारून दाखविली! लंडनच्या व्हिक्टोरिया अँड ॲल्बर्ट संग्रहालयांत ईजिप्तमध्यें सांपडलेला तांबड्या लोकरीचा मोज्यांचा जोड आहे. तो दीड हजार वर्षांहून जुना, आणि एकाच सुईच्या निराळ्या पद्धतीनें केलेला. पण त्यालाही टाच आहे, आणि चपलेचा पट्टा जावा म्हणून बोटांशीं दुभाग केलेला आहे.

अशी टाच साधल्याच्या भरांत मीं मामंजींसाठीं पहिला जोड विणला. त्यांना अनेक वर्षांचा मधुमेह. थंडींत पाय गार पडत. जोड त्यांना फार आवडला. दहाबारा दिवसांनीं मोजा काढतांना माझ्या जाऊबाईंना त्यावर डाग दिसला. करंगळीच्या कडेला जखम झाली होती, आणि मामंजींना तिचा पत्ताही नव्हता. डॉक्टरांनीं जखम पाहिली आणि मोजा मागितला. तो उलटा करून त्यांनीं आंत बोट फिरविलें, आणि एका जागीं थांबून माझा हात तेथें नेला. तेथें गांठ होती. लोकर संपली तेथें नवा धागा मीं गांठ मारून जोडला होता. शाळेंत तसेंच शिकविलें होतें. तुमच्याआमच्या पायाला ती पहिल्या तासांतच टोंचली असती. मधुमेहानें ज्याची संवेदना मंदावली आहे, त्या पायाला ती टोंचत नाहीं, नुसती घासत राहते. जखम भरावयास सहा आठवडे लागले. मामंजी एका शब्दानेंही बोलले नाहींत, आणि तेंच मला सोसवेना.

सुया मीं माळ्यावर टाकल्या होत्या. पुढच्या थंडींत मामंजींनींच विचारलें, "सूनबाई, मोज्यांचें काय झालें?"

मग मी नव्यानें शिकलें. शुद्ध लोकरीचीं दोन टोकें उसवून, ओलीं करून तळहातांत चोळलीं कीं एकजीव होतात. गांठ लागत नाहीं. चवडा मिटवितांना शिवण न येऊं देण्याचीही एक रीत आहे. ती किचनर यांच्या नांवानें ओळखली जाते. १९१४ सालीं महायुद्ध पेटलें तेव्हां ते ब्रिटनचे युद्धमंत्री झाले, आणि त्या युद्धांत घरोघरीं सैनिकांसाठीं मोजे विणले जात. खंदकांत ओल्या पायांनीं उभ्या राहणाऱ्या शिपायाला एक शिवणही किती महाग पडे, हें मला आतां कळतें. डॉक्टरांनीं रंगही सांगितला: पांढरा किंवा फिका, म्हणजे रक्ताचा डाग लगेच दिसतो. वरची पट्टी सैल ठेवावयाची, आणि पाय रोज डोळ्यांनीं पाहावयाचे.

मामंजी आज ८४ वर्षांचे आहेत. मोजा घालण्यापूर्वीं ते तो उलटा करून चष्मा लावून पाहतात, आणि मग आंत बोटें फिरवितात. गेल्या आठवड्यांत त्यांनीं नव्या जोडांतील एक मोजा मला परत दिला. अंगठ्यापाशीं एक टाका किंचित् जाड झाला आहे. तो मीं उसवला आहे. आज घरीं गेल्यावर पुन्हां विणावयास घेईन.