मावशी, तुमचा हप्ता राहिला

आम्ही सावली तालुक्यातल्या बचत गटांच्या समन्वयक. बहुतेक तिशीतल्या, कुणी बारावी, कुणी बीए. ज्यांचे हिशेब बघतो त्यातल्या कितीतरी जणी आमच्या आईच्या वयाच्या. काही तर नात्यानं चुलतसासू, मावससासू. बाहेर त्यांच्यासमोर पदर सावरायचा आणि बैठकीत त्यांनाच म्हणायचं, "मावशी, तुमचा हप्ता राहिला." तोंडातून शब्द निघत नाही.

आमच्या निघालाच नाही. एका गटात एका मावशींचे तीन हप्ते थकले. गट त्यांनीच घरोघर फिरून उभा केलेला. वही वाचताना त्यांचं नाव आलं की आम्ही आवाज खाली घ्यायचो. आम्हाला वाटलं, मान राखला. चौथ्या महिन्यात एक सून म्हणाली, "मंग मीच काऊन भरू?" पुढच्या बैठकीला सहा जणींनी हप्ता आणला नाही. बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशेबाच्या नोंदी ही पंचसूत्री आपण पाठ म्हणतो. त्यातली परतफेड आम्हीच सैल केली होती.

मग घाबरून कडक झालो. दंडाचा ठराव मांडला, हात वर करा म्हटलं. सासू समोर बसलेली असताना सुनेचा हात वर जातो का?

गडचिरोलीतलं मेंढा-लेखा तुम्ही ऐकलं असेल, धानोरा तालुक्यातलं. 2009 मध्ये त्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. तिथं ग्रामसभा बहुमतानं नाही, सर्वांच्या सहमतीनं ठरवते. पटेपर्यंत बोलत राहायचं. आम्ही तेच धरलं, पण आधी मावशींच्या घरी गेलो. त्या ओसरीत तांदूळ निवडत होत्या. आम्हीही सूप ओढून बसलो. अर्ध्या तासानं त्याच बोलल्या. नातवाच्या दवाखान्यात पैसा गेला होता. "तुम्ही इचारलं नाही, मी सांगतलं नाही," म्हणाल्या. म्हणजे लाज दोन्हीकडे होती!

हप्ता लहान करून द्या, हे बैठकीत त्यांनी स्वतःच मागितलं. पटायला तीन बैठका लागल्या. आता वही मोठ्यानं वाचतो आणि सुरुवात अध्यक्षाच्या नावानं करतो. जिथं आम्हीही सभासद आहोत, तिथं आमचं नाव सर्वांत आधी.

चुका आमच्याही निघाल्या. रोवण्याच्या दिवसात आम्ही बैठक सकाळी अकराला ठेवायचो आणि बाया येत नाहीत म्हणून चिडायचो. म्हाताऱ्या किती दिवस सांगत होत्या, रात्री जेवणं झाल्यावर ठेवा. मोहफुलाचंही तसंच. आम्ही वजनाचं बघत होतो. एका आजीनं मूठभर फुलं दाबून पाहिली आणि म्हणाली, ओली आहेत, भरू नका. न ऐकता भरलेल्या पोत्याला बुरशी लागली. तेव्हापासून मोह भरायचा की नाही हे ती आजी सांगते आणि भाव आम्ही बघतो.

सगळंच सुटलं असं नाही. एका गटात पेटीची किल्ली अजून एकाच आजीच्या कमरेला आहे. नियमानं पेटी एकीकडे, किल्ली दुसरीकडे हवी. तिच्याकडे दोन्ही आहेत. पैशात कधी रुपयाची खोट आली नाही, म्हणून बोलणं जास्तच कठीण. या सोमवारी आम्ही तिच्या घरी जाणार आहोत. सूप तिथंही असेलच.