खांद्यातली गाठ आणि सुईचं काम

मान-खांद्याच्या स्नायूत दाबताच कळ उठणारी घट्ट गाठ असली, की डॉक्टर कधी तिथे इंजेक्शन देतात. गुण औषधाचा, असं आपण धरून चालतो. पण प्रागचे डॉक्टर कारेल लेविट यांनी १९७९ मध्ये नोंदवलं, की नुसती कोरडी सुई नेमक्या जागी टोचली तरी बहुतेकांची वेदना लगेच शमते. मग इंजेक्शनात बधिर करणारं औषध कशाला? टोचल्यानंतरचा ठणका कमी व्हावा म्हणून. तेही कारण काही थोडं नाही. सुईचा हा गुण केवळ मनाचा समज असेल, ही शंका मात्र रास्त आहे. अशा सुईच्या उपचारांवरच्या २००१ च्या शास्त्रीय आढाव्यालाही ती पुरती फेडता आली नाही. म्हणून माझ्या मते सुई व्यायामाची वाट मोकळी करण्यापुरतीच. शिवाय मान-खांद्याच्या या भागाखाली फुप्फुसाचं टोक असतं. म्हणून सुई तज्ज्ञाच्याच हातून घ्या.