चुकलेलं नाणं : ओळख आणि जपणूक

(मंडळाच्या व्याख्यानमालेतील भाषण)



बाप्पापुढची दानपेटी मोजायला सतरंजीवर बसलात, की नाणी नुसती मोजू नका, पाहाही. टांकसाळीत चुकलेलं नाणं हाताला लागतं ते अशाच ढिगातून.

आपण हैदराबादकर. सैफाबादची टांकसाळ १९०३ सालची. १९९७ पासून चेर्लापल्लीतही टांकसाळ आहे. सालाखाली चांदणी दिसली, की नाणं आपल्या गावचं. चौकट मुंबईची, ठिपका नोएडाचा आणि काहीच खूण नसेल तर कोलकात्याचं. तेव्हा ‘खूण नाही’ ही चूक नव्हे. हा गैरसमज आम्हाला फार भेटतो.

मग चूक कोणती? धातूच्या पट्टीतून चकत्या कापतात आणि दोन साच्यांमध्ये दाबतात. कापताना हत्यार आधीच्या भोकावर पडलं तर कडेला चंद्रकोरीएवढा तुकडा कमी येतो. चकती सरकली तर छाप एका बाजूला जातो. आधीचं नाणं साच्याला चिकटून राहिलं, तर पुढच्या नाण्यावर एकीकडे नेहमीचा छाप आणि दुसरीकडे तोच छाप खोलगट, आरशातल्यासारखा उमटतो. साचा फिरलाय का हेही घरीच पाहता येतं. नाणं सरळ धरा आणि पुस्तकाचं पान उलटतो तसं उलटा. मागची बाजूही सरळच दिसायला हवी.

आता लबाडी. दहाच्या नाण्याचा मधला भाग ठोकून काढतात, कडा कानशीने घासतात. भिंग घ्या. खऱ्या कापात कडेजवळची अक्षरं हळूहळू पुसट होत जातात आणि समोरची कडही पुष्कळदा दबकी असते. घासलेल्या नाण्यावर ओरखडे दिसतात, अक्षरं मध्येच तुटतात. झिजलेलं किंवा चेपलेलं नाणं म्हणजे टांकसाळीची चूक नव्हे.

सापडलं तर पहिला नियम : घासू नका. चिंच, राख, पितांबरी, काथ्या यांतलं काहीही नको. वर्षानुवर्षांचा रंग एका दुपारी जातो आणि परत येत नाही. माती असेल तर डिस्टिल्ड पाण्यात बुडवा, मऊ कापडावर ठेवून टिपा. नाणं कडेनं धरा. पीव्हीसीच्या मऊ पाकिटात कालांतराने हिरवा चिकट थर धरतो. त्याऐवजी पॉलिएस्टरचं पाकीट घ्या. रबरबँड लावू नका, त्यातल्या गंधकाने डाग पडतात. डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा.

आपल्या घरांत लक्ष्मीपूजनाची नाणी दर वर्षी उजळतात, हळदकुंकू वाहतात. ती परंपरा मोडा असं आम्ही म्हणत नाही. पूजेची नाणी वेगळी, जपायची वेगळी, एवढं केलं तरी आजोबांची ठेव वाचेल.

शेवटचं, घरातल्या ज्येष्ठांसाठी. ‘तुमच्या नाण्याचे लाखो रुपये देतो, आधी शुल्क भरा,’ असे फोन येतात. रिझर्व्ह बँकेचं नावही घेतात. असे व्यवहार आपण करत नाही आणि कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही, असं बँकेने २०२१ साली जाहीर केलं आहे. पैसे भरू नका, ओटीपी सांगू नका. किंमत जाणून घ्यायची तर नाणं जाणकारांना प्रत्यक्ष दाखवा. एकाला नव्हे, दोघा-तिघांना.

गणपती बाप्पा मोरया!