पुन्हा विचारावे, की आधीच सावध असावे?



दूर धाडलेला मजकूर जसाच्या तसा पोहोचेल, याची शाश्वती कोणतीही तार अगर लहर देत नाही. यंत्रे मजकूर शून्य आणि एक या दोन अंकांत पाठवितात. वाटेत शून्याचा एक झाला, की अर्थाचा अनर्थ होतो. यावर मार्ग मुख्यतः दोन आहेत. एक असा, की मजकुराबरोबर पडताळ्याचे अंक पाठवावयाचे आणि पडताळा जुळला नाही तर तो भाग पुन्हा मागवावयाचा. दुसरा असा, की जादा अंक आधीच इतके घालावयाचे, की घेणाऱ्याने चूक स्वतःच दुरुस्त करावी.

दुसऱ्या मार्गाची एक सुबक युक्ती रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्ये प्रसिद्ध केली. ४ अंकांना ३ जादा अंक जोडले, की ७ पैकी कोणताही १ बिघडला तरी तो नेमका सापडतो.

मग पुन्हा मागण्याची यातायात कशाला, असे कोणी विचारील. मेख येथेच आहे. वाट निर्वेध असली तरी हे पाऊणपट जादा ओझे रोज वाहावे लागते. शिवाय ७ पैकी २ अंक बिघडले, तर ही युक्ती तिसराच, धड असलेला अंक बदलते आणि मजकूर शुद्ध झाला असे मानून चालते! पुनर्मागणीत खर्च मुख्यतः चूक झाली तरच. पण तिला परतीची वाट हवी आणि थांबण्यास सवड हवी.

१९७१ मध्ये मंगळाभोवती फिरू लागलेल्या मरीनर ९ या यानाचे उदाहरण घ्या. मंगळाहून संदेश येण्यास अंतराप्रमाणे सुमारे ३ ते २२ मिनिटे लागतात. तेथे पुनःपुन्हा विचारणे कसे परवडावे? म्हणून चित्राच्या दर ६ अंकांमागे ३२ अंक पाठविले जात. त्यांतले ७ बिघडले तरी मूळ अंक हाती येत.

उलट, इंटरनेटवरून कागदपत्र पाठविताना हरवलेला तुकडा पुन्हा मागविला जातो. क्षणभर उशीर झाला तर बिघडत नाही; अक्षर चुकून मात्र चालत नाही. टेलिफोनवरील संभाषणात नेमके उलटे: उशिरा आलेला शब्द फुकट, निसटलेले अक्षर मात्र कान सांभाळून घेतो. मोबाइलच्या जाळ्यात तर दोन्ही मार्ग एकत्र नांदतात. आधी दुरुस्ती, ती साधली नाही तर पुनर्मागणी.

तेव्हा निवड करताना तीन प्रश्न विचारावेत. परतीची वाट आहे काय? थांबणे परवडते काय? आणि लक्षात न आलेली चूक केवढ्यास पडेल? कळलेल्या चुकीवर इलाज असतो. शुद्धतेचा शिक्का मारून आलेल्या चुकीवर नसतो. म्हणून जेथे पैसा किंवा प्राण गुंतलेले आहेत, तेथे दुरुस्ती कितीही चोख असो, तिच्यामागे स्वतंत्र पडताळा ठेवावाच.