रिपोर्ट नॉर्मल, कंबर मोडलेली

(केज तालुक्यातल्या तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मी डॉक्टर नाही. मॅट्रिक झालेला, मुंबईच्या गोदीत ठेक्यावर ओझी वाहणारा आणि रात्री कविता खरडणारा माणूस आहे. पण दुखण्यावर बोलायला डिग्री लागत असेल तर या जिल्ह्यातल्या बायापोरांना ती कधीच मिळायला पाहिजे होती.

दरसाल दसरा-दिवाळीला धारूर, वडवणी, केज, पाटोद्याकडनं गाड्या भरून माणसं ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल फेडायला. नवरा-बायको मिळून एक कोयता. म्हंजे हिशेबात दोन माणसांचं एक हत्यार झालं, आणि पोर तर हिशेबात येतच नाही. पण पोर असतं. पाचटाच्या कोपीत कुडकुडत झोपतं. पहाटे आई फडात गेली की धाकट्याला सांभाळतं, वाढे गोळा करतं, नवव्या-दहाव्या वर्षी डोक्यावर मोळी घेतं. मुकादम बापाला आयमाय काढून शिव्या घालतो ते ऐकतं, आणि रात्री बाप पिऊन तो सगळा राग आईच्या पाठीवर काढतो तेही बघतं. पाच-सहा महिने असंच. शाळेच्या पटावर मात्र त्याचं नाव असतं.

हे पोर पंचविशीला येतं तेव्हा कंबर धरते, डोकं ठणकतं, पोटात आग पडते, झोप येत नाही. दवाखान्यात फोटो काढतात. फोटोत काही नसतं. माझी कंबर धरली तेव्हा एका डॉक्टरनं मला ऐकवलं, "रिपोर्ट नॉर्मल आहे. काम टाळायचंय का?" साला, काम टाळून हमाल खाईल काय!

हे मनाचे खेळ नाहीत. अमेरिकेत व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा या डॉक्टरांनी सॅन दिएगोतल्या हजारो माणसांना त्यांच्या बालपणाबद्दल विचारलं. मार, शिव्या, लैंगिक अत्याचार, घरातली दारू, आईला होणारी मारहाण. १९९८ साली निष्कर्ष छापून आले. बालपणीचे असे भोग जितके जास्त, तितके मोठेपणी हृदयाचे, फुफ्फुसाचे, लिव्हरचे रोग जास्त. पुढच्या अभ्यासांत जुनाट अंगदुखी, डोकेदुखीही त्याच यादीत आली.

कारण साधं आहे. फडात बिबट्या दिसला की काळीज धडधडतं, अंग ताठ होतं. बिबट्या गेला की अंग सैल पडतं. पण ज्याच्या कोपीतच बिबट्या राहतो त्याचं अंग सैल कधी पडणार? ताणाची रसायनं रक्तात फिरत राहतात, आतली सूज हटत नाही, मज्जातंतू बारक्या कळेलाही मोठ्यानं ओरडायला शिकतात. एक्स-रेत हाड दिसतं, हे दिसत नाही.

पण त्या प्रश्नांवर माझा आक्षेप आहे. बहुतेक प्रश्न घरातले. बापाच्या दारूचा मार्क लागतो, उचलीचा लागत नाही, जातीचा लागत नाही. पुढं फिलाडेल्फियात वंशभेदाचा, वस्तीतल्या हिंसेचा प्रश्न जोडला गेला, तो बरा. नाहीतर शेवटी सगळं खापर आईबापाच्या डोक्यावर, आणि मुकादम-कारखानदार मोकळे.

पोरींचं तर विचारूच नका. एकटीला कोयता नाही, म्हणून लग्न लवकर. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत या जिल्ह्यातल्या विशी-चोविशीतल्या शंभर बायांपैकी चाळीसहून जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. मग बाळंतपण, लगेच मोळी, ओटीपोटात कळ, अंगावरून जाणं. डॉक्टर कॅन्सरची भीती घालतो आणि पिशवी काढतो. २०१९ साली सरकारी पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली सापडली. कित्येकी चाळिशीच्या आतल्या. कळ तिथंच राहते. वरून ऑपरेशनच्या पैशासाठी नवी उचल, आणि तिची पोर पुन्हा त्याच फडात.

आता कुणी म्हणेल, मग आमचं नशीबच फुटलं. तसं नाही. भोगलेलं प्रत्येक पोर आजारी पडतंच असं नाही. जवळ एक भरवशाचं मोठं माणूस, पोटभर जेवण, रात्रीची सलग झोप, एवढ्यानंही फरक पडतो.

म्हणून दसऱ्याच्या आधी आपापल्या गावातल्या जाणाऱ्या पोरांची यादी करा. हंगामी वसतिगृह कागदावर आहे की चुलीवर, ते जाऊन बघा. आणि दवाखान्यात कुणा बाईबरोबर गेलात तर डॉक्टर "कुठं दुखतंय" विचारील, तेव्हा "कधीपासून" हे तुम्ही सांगा, तिच्या सातव्या वर्षापासून.